थेंबाथेंबाचं दुखणं

बैलाची लघवी तुंबली, तर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ते कुणी सांगावं लागत नाही. बैल मागचे पाय ताणून उभा राहतो, शेपटी उचलून धरतो, सारखा पोटाकडे वळून बघतो. पुढ्यातला कडबा तसाच पडलेला, आणि रोज सकाळी ओली असणारी गोठ्यातली जागा कोरडी ठणठणीत. घरातलं जुनं माणूस एवढ्यावरून ओळखतं, "मुतखडा अडकलाय, गाडी सांगा." मग टेंपोत चढवून बैलाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं, तिथं जमलं नाही तर जिल्ह्याला, नाहीतर थेट परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात. हे महाविद्यालय १९७२ सालचं. बैल, वासरं, बोकड यांच्या मूत्राशयात नळी बसवून तुंबलेल्या लघवीला वाट करून देण्याची शस्त्रक्रिया मराठवाड्यातल्या पशुवैद्यांच्या हाताखालून कितीतरी वेळा गेलेली आहे.

त्याच शेतकऱ्याचा मुलगा वाळूजच्या नाहीतर शेंद्र्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागतो, सिडकोत किंवा सातारा परिसरात फ्लॅट घेतो, आणि मुलांच्या हट्टापायी घरात बोका येतो. हा बोका एके दिवशी वाळूच्या ट्रेमध्ये बसून कुंथायला लागतो. उठतो, फिरतो, पुन्हा बसतो. लघवीची जागा चाटत राहतो. घरचे म्हणतात, याचं पोट साफ होत नाहीये. कुणी तूप चाटवतं, कुणी एरंडेल पाजतं. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात आणि बोका पलंगाखाली जाऊन पडतो. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याच्या रक्तात पोटॅशियम इतकं साठलेलं असतं की हृदयाचे ठोके मंदावलेले असतात. गोठ्यातली जागा कोरडी आहे हे बघणारी नजर शहरात येताना मागे राहून गेली. छत्रपती संभाजीनगरातल्या कुत्र्यामांजरांच्या लघवीच्या दुखण्यांवर लिहायचं ठरवलं ते यासाठी.

या दुखण्यांची अडचण अशी, की बाहेरून सगळी सारखीच दिसतात. वारंवार लघवीला बसणं, थेंब थेंब होणं, कुंथणं, लघवीत रक्त येणं, घरात भलत्याच जागी लघवी करणं. आत मात्र जंतुसंसर्ग असेल, मुतखडा असेल, प्रोस्टेटला सूज असेल, गर्भाशयात पू झाला असेल, गाठ असेल. मांजरात तर यांपैकी काहीच नसेल आणि तरीही लक्षणं हीच असतील. गोळी मात्र बऱ्याच जणांना एकच मिळते. ती औषधाच्या दुकानातून येते, शेजाऱ्याच्या सल्ल्याने येते, घरातल्या आजीला उन्हाळी लागली होती तेव्हाच्या उरलेल्या पाकिटातून येते, आणि कधीकधी डॉक्टरांच्या हातूनही येते, कारण लघवी तपासायला लागणारा वेळ, सोय किंवा मालकाची तयारी यांतलं काहीतरी कमी पडतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी लघवी तपासली पाहिजे आणि गोळी त्यानंतर. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण करायला गेलं की तिच्या आड बरंच काही येतं.

आधी कुत्र्यांचं बघू. कुत्र्याला आयुष्यात कधी ना कधी मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण साधारण १४ टक्के धरलं जातं, म्हणजे सातांतल्या एकाला. कुत्रीला जास्त, कारण तिचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. जंतू बहुतेक वेळा त्याच जनावराच्या अंगावरचे आणि आतड्यातले असतात. ई. कोलाय सर्वांत जास्त वेळा सापडतो, त्यामागे कातडीवरचा स्टॅफिलोकोकस, मग प्रोटियस, क्लेब्सिएला, एन्टेरोकोकस. निरोगी मूत्राशयात यांचा टिकाव लागत नाही. लघवीचा जोर त्यांना धुऊन काढतो आणि मूत्राशयाचं आतलं अस्तर त्यांना चिकटू देत नाही. मधुमेह, कुशिंगसारखा संप्रेरकांचा आजार, खाजेसाठी महिनोन्‌महिने दिलेली स्टिरॉइड, आत बसलेला खडा, किंवा लघवी साठून राहावी लागणारी परिस्थिती, यांपैकी काही असलं की हा बंदोबस्त ढिला पडतो. म्हणून एखाद्या कुत्रीला संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर प्रत्येक वेळी नवी गोळी शोधण्यापेक्षा साखर तपासावी, सोनोग्राफी करावी. कारण दुसरीकडेच असतं.

लघवीत रक्त दिसलं म्हणजे संसर्ग, हेही खरं नाही. पहिल्यांदा माजावर आलेल्या कुत्रीचं रक्त बघून घाबरून दवाखान्यात धावणारी कुटुंबं असतात; तिथं काळजीचं कारण नसतं. याच्या उलट, माज संपून महिना-दीड महिना झालेली कुत्री फार पाणी पिऊ लागली, फार लघवी करू लागली, खाणं सोडलं, तर ते गर्भाशयात पू झाल्याचं लक्षण असू शकतं. तिला लघवीच्या गोळ्या देत आठवडा घालवला, तर ती हातची जाते. नसबंदी न झालेल्या वयस्क कुत्र्याच्या लघवीतलं रक्त पुष्कळदा प्रोस्टेटचं असतं. गल्लीत मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी गाठ होते, तिचंही रक्त थेंबाथेंबाने गळतं. तिच्यावर व्हिन्क्रिस्टीनची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. गोचिडांतून होणाऱ्या तापातही लघवी लाल होते. आणि ताप, कावीळ, गडद लघवी असं एकत्र दिसलं, तर उंदरांच्या मुतातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. तो माणसालाही होतो, म्हणून अशा जनावराची फरशीवरची लघवी पुसताना हातात मोजे हवेत.

एवढ्या शक्यता असताना केवळ बघून निदान करणं कुणालाच जमणार नाही. नमुना लागतो, आणि तिथंच गाडं अडतं.

लघवी पकडायची कशी, हे मालकाला कुणी शिकवलेलं नसतं. सकाळची पहिली लघवी चांगली, रात्रभर साठून ती घट्ट झालेली असते. कुत्रा पाय वर करतो, त्यामुळे त्याचं सोपं. कुत्री जमिनीला टेकते आणि मागून कुणी वाकलं की दचकून उठते. त्यासाठी लांब दांड्याची स्टीलची पळी घ्यायची, उकळत्या पाण्यातून काढून कोरडी केलेली. पट्टा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, रोजच्याच रस्त्याने रोजच्याच झाडापाशी जायचं. कुत्री बसली की क्षणभर थांबायचं, पहिली धार जाऊ द्यायची आणि मग बाजूने पळी हळूच सरकवायची. चार-पाच मिलिलिटर, म्हणजे एक चहाचा चमचा मिळाला तरी पुष्कळ झालं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत ती ओतायची आणि तडक निघायचं. सिडकोच्या गल्लीत पहाटे हे करताना येणारे-जाणारे थांबून बघतात, बघू द्यावं. बोक्याचं किंवा भाटीचं आणखी सोपं आहे. ट्रेमधली वाळू काढून त्यात धुतलेले कोरडे खडे किंवा थर्माकोलचे मणी टाकले की लघवी खाली साठून राहते, ती सिरिंजने ओढून घेता येते.

नमुना मिळाला तरी पुढची अडचण उभी असते. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात तो सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे. फ्रिजमध्ये ठेवला की थंडाव्याने त्यात स्फटिक तयार होतात आणि नसलेल्या मुतखड्याची शंका निर्माण होते. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅब माणसांसाठी आहेत. काही ठिकाणी जनावराचा नमुना घेतात, काही ठिकाणी घेत नाहीत. घेतला तरी माणसांसाठी बनवलेली पट्टी बुडवून अहवाल दिला जातो, आणि त्या पट्टीवरचे काही चौकोन कुत्र्यामांजरांच्या बाबतीत भरवशाचे नाहीत. पांढऱ्या पेशींचा चौकोन मांजरात उगाचच रंग बदलतो आणि कुत्र्यात पेशी असतानाही कित्येकदा बदलत नाही. नायट्राइटचा चौकोनही असाच. लघवीची घनता तर पट्टीवर बघूच नये. रक्त, साखर, प्रथिनं आणि आम्लता यांपुरती पट्टी ठीक आहे.

घनता बघायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचं वीतभर लांबीचं साधन असतं. त्याच्या काचेवर लघवीचा एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळा, खाली पांढरा भाग दिसतो आणि मधल्या रेषेवर आकडा वाचता येतो. आजारी नसलेल्या, पाण्याची गरज असलेल्या कुत्र्यात तो १.०३० च्या वर जायला हवा, मांजरात १.०३५ च्या वर. रेषा १.००८ ते १.०१२ च्या आसपास अडकून राहत असेल, तर मूत्रपिंडं लघवी घट्ट करत नाहीयेत. साधनाला वीज लागत नाही, रसायन लागत नाही, सांभाळून वापरलं तर ते वर्षानुवर्षं चालतं. कुत्रीमांजरं तपासणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात स्टेथोस्कोपच्या शेजारी ते असायला हवं असं माझं ठाम मत आहे, आणि नसेल तर मालकांनी त्याबद्दल विचारायला हवं.

संसर्ग आहे की नाही याचं पक्कं उत्तर कल्चरमधूनच, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघण्यातूनच मिळतं. त्यासाठी पोटातून बारीक सुई थेट मूत्राशयात घालून लघवी काढतात, म्हणजे बाहेरच्या जंतूंची भेसळ होत नाही. सुईचं नाव काढलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. जनावर मात्र रक्त काढताना करतं त्याहून जास्त कुरकुर करत नाही. हाताला मूत्राशय लागत असेल किंवा सोनोग्राफीची मदत असेल तर काम काही सेकंदांचं आहे. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. जंतू कोणता, तो कोणत्या औषधाला दबतो आणि कोणत्याला नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. पहिल्यांदाच झालेल्या साध्या संसर्गात प्रत्येक वेळी कल्चर झालंच पाहिजे असं नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्याशिवाय औषध देणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही घालवणं.

औषध किती दिवस द्यायचं, याबद्दलची समजूत गेल्या काही वर्षांत जगभर बदलली. पूर्वी दहा ते चौदा दिवसांचा कोर्स सर्रास लिहिला जायचा. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाचे स्कॉट वीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा सात दिवसांचा मुद्दा आला. २०१९ च्या सुधारित सूचनांमध्ये साध्या संसर्गासाठी तीन ते पाच दिवस पुरेत असं सांगितलं गेलं. पहिली पसंती अमॉक्सिसिलिनला किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिमला. मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या संसर्गाला दहा ते चौदा दिवस, प्रोस्टेटच्या संसर्गाला चार आठवडे किंवा त्याहून जास्त. आणखी एक गोष्ट त्यात आहे, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लघवीत जंतू सापडले पण जनावराला त्रास काहीच नाही, तर अँटिबायोटिक द्यायचं नाही. कागदावर जंतूचं नाव छापून आलेलं असताना गोळी न लिहिणं डॉक्टरला अवघड जातं आणि मालकाला पटत नाही. अशा वेळी थांबणारा डॉक्टर भेटला तर त्याला धरून राहावं.

घरातली उरलेली गोळी मात्र कुणीही, कधीही देऊ नये. माणसांची सिप्रोफ्लॉक्सासिन कुत्र्याच्या पोटातून किती शोषली जाईल याचा नेम नाही. कुणाला पुरते, कुणाला अर्धीही लागू पडत नाही. अर्धवट मात्रेत जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. जनावरांसाठी सर्रास वापरलं जाणारं एन्रोफ्लॉक्सासिन मांजराला जास्त मात्रेत गेलं तर डोळ्याचा पडदा निकामी होऊन कायमचं अंधत्व येऊ शकतं. वेदना कमी व्हावी म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. या गोळ्या कपाटात असतात, चार पावलांवर मिळतात, आणि देणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. म्हणून हे इतकं स्पष्ट लिहावंसं वाटलं.

औषधाला सरावलेल्या जंतूंचा प्रश्न एका कुत्र्यापुरता राहत नाही. ज्याच्याशी मुलं लोळतात, जो सोफ्यावर झोपतो, त्याच्या आतड्यातले ई. कोलाय आणि घरातल्या माणसांचे ई. कोलाय एकमेकांकडे जातात-येतात, हे अनेक देशांत तपासून दिसलेलं आहे. केंद्र सरकारने २०१९ च्या जुलैमध्ये कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत वापरायला बंदी घातली, ती अशाच भीतीपोटी. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यातून लिहून दिली जाणारी अँटिबायोटिक्स त्यामानाने थोडी असतील, पण ती आपल्या घरातच वापरली जातात.

मुतखड्याची गोष्ट थोडी लांबून सांगावी लागेल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात कार्ल ऑस्बोर्न यांनी १९८१ साली मुतखडे तपासणारं केंद्र सुरू केलं. जगभरातून कुत्र्यामांजरांचे खडे तिथं जाऊ लागले आणि एक मोठी नोंद तयार झाली. सुरुवातीच्या काळात मांजरांचे बहुतेक खडे स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे निघत. ते पाहून कंपन्यांनी खाद्यातलं मॅग्नेशियम कमी केलं आणि लघवी आम्लधर्मी राहील अशी योजना केली. स्ट्रुव्हाइट घटलं, आणि पुढच्या दशकात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढले. स्ट्रुव्हाइट योग्य खाद्याने विरघळतं. ऑक्झलेट विरघळत नाही, ते काढावंच लागतं. कुत्र्यात स्ट्रुव्हाइट बहुतेक वेळा संसर्गातूनच होतं. युरियाचं विघटन करणारे स्टॅफिलोकोकस किंवा प्रोटियस लघवी अल्कधर्मी करतात आणि त्यात खडा धरतो, त्यामुळे आधी जंतू हटवावा लागतो. शिह त्झू आणि ल्हासा या छोट्या, केसाळ जातींत ऑक्झलेट जास्त. डाल्मेशियनमध्ये जन्मजात दोषामुळे युरिक आम्लाच्या क्षारांचे खडे. एक्स-रे काढल्याशिवाय आणि काढलेला खडा तपासल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. शस्त्रक्रियेनंतर काढलेले खडे बाटलीत घालून घरी शोकेसला ठेवण्याऐवजी ते तपासणीला पाठवले, तर पुढचं खाणंपिणं ठरवता येतं.

आता मांजरं. इथं तर आपली सगळी समजूतच उलटी करावी लागते. दहा वर्षांच्या आतलं मांजर कुंथत असेल, रक्ताची लघवी करत असेल, तर त्याला जंतुसंसर्ग असण्याची शक्यता फार थोडी, शंभरात जेमतेम काही. निम्म्याहून जास्त मांजरांत मूत्राशयाला सूज असते आणि तपासून तपासून कारण सापडत नाही. ओहायो राज्य विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन यांनी आयुष्यभर याच दुखण्याचा माग काढला. त्यांना दिसलं, की अशा मांजरांचं मूत्राशय बिघडतं ते ताणामुळे. घरातलं दुसरं मांजर, बदललेली जागा, घाणेरडा ट्रे, खिडकीबाहेर येऊन बसणारा परका बोका, एवढंही पुरतं. इतर अवयवांवरही याचा परिणाम होतो, म्हणून २०११ साली त्यांनी या अवस्थेला 'पँडोरा सिंड्रोम' असं नाव दिलं.

यातली खरी मेख अशी, की हा झटका बहुतेक मांजरांत आठवड्याभरात आपोआप ओसरतो. त्यामुळे त्या आठवड्यात जे काही दिलं त्याला श्रेय मिळतं. दवाखान्यात हा संवाद मी ऐकलेला आहे. बाई म्हणत होत्या, "डॉक्टर, तुम्ही आपलं मागचंच इंजेक्शन द्या ना. लगेच बरा झाला होता." डॉक्टर म्हणाले, "ताई, तेव्हा तो इंजेक्शनने बरा झाला की आपोआप, हे मला सांगता येणार नाही. या वेळी आधी लघवी बघू." बाईंना ते फारसं रुचलं नाही, पण त्या थांबल्या. लघवीत जंतू नव्हते. वेदनेचं औषध, ओलं खाणं, दोन ट्रे आणि घरात आलेल्या नव्या भाटीपासून काही दिवस वेगळी खोली, एवढ्यावर त्यांना घरी पाठवलं.

पण हीच सूज बोक्यात जीवघेणी होते. त्याचा मूत्रमार्ग शेवटाला दोऱ्याएवढा अरुंद. सूज, चिकट स्राव आणि बारीक स्फटिक मिळून तिथं बूच बसतं. मग मूत्रपिंडं बंद पडायला लागतात, पोटॅशियम चढतं, आणि दोन-तीन दिवसांत बोका जातो. तुंबलेल्या बोक्याला मोकळं करताना मी जवळून पाहिलं आहे. पोटावर हात ठेवला तर मूत्राशय लिंबाहून मोठं आणि चेंडूसारखं टणक लागत होतं. डॉक्टरांनी ते दाबलं नाही. दाबलं तर फुटू शकतं. आधी शीर शोधून सलाइन लावलं, हृदयाचे ठोके मोजले, पोटॅशियमपासून हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन अगदी हळूहळू दिलं. मग गुंगी. लघवीच्या जागेतून टोक बाहेर काढून जेली लावलेली बारीक नळी आत सरकवली, ती दोन मिलिमीटरवर अडली. नळीतून सलाइनचा झोत मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा, जोर करायचा नाही. बऱ्याच वेळाने पांढरट, दाणेदार बुचाचा एक तुकडा मागे आला, आणि पाठोपाठ गडद लाल लघवी ट्रेमध्ये पडू लागली. खोलीतल्या कुणीच काही बोललं नाही. मालकाचा मुलगा तेवढा रडायला लागला. नळी दीड-दोन दिवस ठेवावी लागते, आणि वाट मोकळी झाल्यावर बोका इतकी लघवी करतो की तेवढं पाणी सलाइनमधून भरून द्यावं लागतं. पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा तुंबण्याचा धोका असतो. वारंवार तुंबला तर बाहेरची वाट शस्त्रक्रियेने रुंद करतात.

या सगळ्यात पाण्याचा विषय आल्याशिवाय राहत नाही, आणि या शहरात तर नाहीच नाही. पैठणच्या जायकवाडीत १०२ टीएमसी पाणी मावतं. शहर तिथून पन्नास किलोमीटरवर, आणि नळाला पाणी कित्येक दिवसांनी एकदा. २०२० च्या डिसेंबरात १,६८० कोटींची म्हणून भूमिपूजन झालेली नवी पाणीयोजना पुढे २,७४० कोटींवर गेली. तोवर घरोघरी ड्रम, टाक्या, टँकर आणि बोअर. साठवलेल्या पाण्याने कुत्र्यामांजरांना मूत्रमार्गाचा संसर्ग होतो का, असं लोक विचारतात. तसं नाही, जंतू पिण्याच्या पाण्यातून मूत्राशयात जात नाहीत. बोअरच्या जड पाण्याने खडे होतात, हीही ठाम समजूत आहे. कुत्र्यामांजरांच्या खड्यांत पाण्याच्या जडपणापेक्षा संसर्ग, खाद्य, जात आणि लघवीचा घट्टपणा यांचा हात कितीतरी मोठा असतो. पाणी कमी पोटात जाणं हे जड पाण्याहून जास्त घातक. टंचाईच्या घरात कुत्र्याचं भांडं दिवसातून एकदाच भरलं जातं, मांजर ड्रममधलं तीन दिवसांचं पाणी हुंगून निघून जातं, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो.

कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला लिटरभर किंवा थोडं जास्त. दर किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते आजाराचं लक्षण समजून तपासावं. मांजराचं वेगळं आहे. त्याचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातली रानमांजरं, शिकारीच्या मांसातूनच पाणी मिळवणारी. तहान त्याला कमीच लागते. पॅकेटमधल्या कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्या खाद्यात पंचाहत्तरच्या पुढे. म्हणून केवळ दाण्यांवर ठेवलेल्या मांजराची लघवी घट्ट होत जाते. चिकन उकडून त्याच्याच पाण्यासकट द्यावं, त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतो. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, ट्रेपासून लांब, रुंद तोंडाची असावीत. टंचाई कितीही असो, एवढं पाणी रोज बदलणं शक्य आहे.

मार्जारकुळातल्या मोठ्यांचीही मूत्रपिंडं नाजूकच. सिद्धार्थ उद्यानातल्या महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयात २०२० च्या जूनमध्ये करिना नावाची वाघीण दगावली. कोरोनाचे दिवस होते, म्हणून तिचे नमुने त्या तपासणीलाही गेले. प्राथमिक कारण मात्र मूत्रपिंडाच्या आजाराचं सांगण्यात आलं. वाघ असो वा मांजर, हा प्राणी दुखणं अंगावर काढतो आणि खाणं सोडेपर्यंत कुणाला पत्ता लागू देत नाही. पिंजऱ्यात असो की फ्लॅटमध्ये, रोज किती पाणी प्यायला आणि किती लघवी झाली याची नोंद हाच त्याच्याकडून बातमी काढण्याचा मार्ग.

दिवाळीचे दिवस लघवीच्या दुखण्यांसाठी वाईट. रंगकामासाठी सामान हलवलेलं, मांजराचा ट्रे बाल्कनीत गेलेला, घरात पाहुणे, बाहेर सुतळी बाँब. ताणाने होणारी मूत्राशयाची सूज यापेक्षा आणखी काय मागेल? ट्रे होता तिथंच, आतल्या शांत खोलीत राहू द्यावा, एका मांजरामागे एक आणि वर एक जादा. कुत्री फटाक्यांच्या भीतीने जिन्यातूनच परत फिरतात आणि रात्रभर लघवी धरून बसतात. त्यांना दिवेलागणीच्या आधी, उजेडातच फिरवून आणावं, आणि मध्यरात्री आवाज थांबल्यावर पुन्हा एकदा. नरक चतुर्दशीला पहाटेपासूनच फटाके सुरू होतात, तेव्हा त्याही आधी. बोक्याने दिवसातून निदान एकदा भरपूर लघवी केली हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. तो दोन-तीनदा बसून कोरडाच उठला, तर सकाळची वाट न बघता निघावं. खडकेश्वरला सरकारी पशुवैद्यकीय चिकित्सालय आहे, शहरभर खासगी दवाखानेही आहेत, पण सणाच्या दिवसांत सगळेच उघडे नसतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कोणता दवाखाना उघडा असेल, आणि तिथं बोक्याला नळी घालतात का, हे दोन प्रश्न वसुबारसेलाच फोन करून विचारून ठेवावेत.